चार पावसाळे काढेल अशी दुकानाची पाटी आणि गाडीवरचं ग्राफिक (फोंडा)

फोंडेकार
नमस्कार मंडळी. एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानासाठी पाटी करायची आहे. दर्शनी भिंत १२ फूट रुंद, शटरच्या वर साडेतीन फूट जागा. भिंत चिऱ्यांची, वरून प्लास्टर. शटरच्या डोक्यावर काँक्रीटची लिंटल (आडवी तुळई) आहे. वळणावरून येणाऱ्या गाडीवाल्याला दुकान साधारण १५० फुटांवरून दिसू लागतं. घरोघरी जायला पांढरी ईको व्हॅन आणि सामान न्यायला टाटा एस हा छोटा टेम्पो आहे, त्यांवरही नाव घालायचं आहे.

तीन कोटेशनं आली. एकजण बॅकलिट फ्लेक्स (मागून दिवे लावलेलं छापील कापड) म्हणतो, दुसरा एसीपीवर अ‍ॅक्रिलिकची थ्रीडी अक्षरं, तिसरा स्टीलची अक्षरं. गाडीसाठी एक म्हणतो फुल रॅप (पूर्ण गाडीला फिल्म) करा, दुसरा म्हणतो रेडियम (कापून चिकटवलेली अक्षरं) पुरे. दरांत तिपटीचा फरक आहे, पण तो नेमका कशाचा हे कोणीच नीट सांगत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

अक्षरवेल
मटेरियलचं नंतर बघू. आधी पाटी कोण, कुठून आणि किती वेळ वाचणार ते ठरवा. बाकीचे निम्मे निर्णय त्यातूनच होतात.

ढोबळ हिशेब असा: दर १० फूट अंतराला अक्षराची १ इंच उंची असली की वाचताना डोळ्यांना ताण पडत नाही. जेमतेम वाचता येण्याची हद्द याच्या दुप्पट-अडीचपट लांब असते, पण जेमतेमवर धंद्याची पाटी बेतू नये. शिवाय हे माप रोमन कॅपिटल अक्षरांवरून आलंय. देवनागरीत शिरोरेषेपासून पायापर्यंतचा जो गाभा, तेवढाच या हिशेबात धरायचा. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार वेगळे. 'दहा इंची अक्षर' म्हणून कारागीर मात्रेसकट दहा इंच देतो, आणि मग गाभा उरतो जेमतेम सहा.

तुमच्या गाडीवाल्याचा वेग ४० किलोमीटर असला तर तो सेकंदाला सुमारे ३६ फूट पुढे येतो. म्हणजे १५० फूट संपायला चार सेकंद, त्यातला अर्धा वेळ त्याची नजर रस्त्यावर. एवढ्यात दुकानाचं नाव आणि काम, दोनच गोष्टी वाचून होतात. 'सर्व कंपन्यांचे', 'विश्वासार्ह सेवा', मालकाचं नाव, देवाचा फोटो, चार ब्रँडचे लोगो, यांतलं काहीच वाचलं जात नाही, उलट नावाची जागा खाल्ली जाते.

१२ बाय ३ फुटांच्या बोर्डावर मांडणी अशी बसते: नावाची ओळ १० इंच गाभ्याची, म्हणजे १०० फुटांवरून सहज वाचता येणारी, मात्रा-उकार धरून साधारण १७-१८ इंच. खाली 'एसी · फ्रीज · वॉशिंग मशीन दुरुस्ती' ५ इंच गाभ्याची, म्हणजे एकूण ९ इंच. झाले २७ इंच. उरलेले ९ इंच वर, खाली आणि मधे मोकळे सोडायचे. ही मोकळी जागा बघून 'इथे अजून काहीतरी बसेल' असं हमखास वाटतं. तिथे काही बसवू नका. फोन नंबर शटरच्या बाजूच्या खांबावर, चालत येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

म्हापशेकर
भाषेचं काय करावं? मराठी, कोंकणी, इंग्रजी तिन्ही घालावं का?

अक्षरवेल
तीन ओळी समान मापाच्या केल्या तर तिन्ही लहान होतात. गिऱ्हाईक कोण ते बघा. कळंगुट-बागा पट्ट्यात इंग्रजी मोठी. फोंडा, डिचोली, सत्तरीत देवनागरी मोठी ठेवून इंग्रजी तिच्या निम्म्याने. दुकानाचं नाव मराठी आणि कोंकणी वाचकाला एकाच ओळीत चालतं, त्यामुळे तिसरी ओळ बहुतेक लागतच नाही.

टंक जाड आणि साधा घ्या. ज्या टंकात उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक, त्यात शिरोरेषा लांबून विरून जाते. रंगांत फरक उजळपणाचा हवा: पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर गडद निळं, गडद हिरव्यावर पांढरं. काळ्यावर लाल कॉम्प्युटरच्या पडद्यावर झकास दिसतं, पण संध्याकाळी सात वाजता पाटीवर नुसता काळा पट्टा दिसतो.

ऑर्डर देण्याआधी नावातली दोन-तीन अक्षरं प्रत्यक्ष मापात ए४ कागदांवर छापून जोडा, शटरच्या वर चिकटवा आणि वळणावर जाऊन बघा. थोडे कागद आणि अर्धा तास एवढाच खर्च.

कुंडईचा_कारागीर
आता मटेरियल. फोंडा समुद्रापासून आत आहे, त्यामुळे खाऱ्या हवेचा मारा मिरामार-कोलव्यापेक्षा कमी. पण पाऊस भरपूर. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. बोर्ड उन्हाने मरतो त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतो, आणि पाणी शिरतं ते नेहमी सांध्यातून.

बॅकलिट फ्लेक्स: स्वस्त. पावसाळ्यात कापडावर काळी बुरशी चढते, विशेषतः उत्तरेकडे तोंड असलेल्या किंवा झाडाखालच्या बोर्डावर. रंगांत किरमिजी आणि पिवळा आधी उडतो, लाल नाव गुलाबी होतं. फ्रेम लोखंडी चौकोनी पाइपची असते, वेल्डिंगच्या जागी गंज धरते आणि त्याचे तपकिरी ओघळ कापडावर उतरतात.

एसीपीवर अक्षरं: एसीपी म्हणजे प्लास्टिकच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. शीट ८ बाय ४ फुटांची. बाहेरच्या कामाला ४ मिमी जाडी मागा, आणि वरचा पत्रा किती जाड ते विचाराच. ०.२५ मिमी ठीक. बाजारात याच्या निम्म्या पत्र्याचा माल सर्रास मिळतो, दिसायला तोच असतो, पण घडी घालायच्या खाचेवर तो तडकतो. तुमचा बोर्ड १२ फुटी, शीट ८ फुटी, म्हणजे जोड येणारच. तो मधोमध नावावर येऊ देऊ नका. ४-४-४ फुटांचे तीन भाग करून खाच ठेवली तर डिझाइनचाच भाग वाटतो.

अ‍ॅक्रिलिक अक्षरं: पुढचा चेहरा ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिक, बाजू अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची, आत एलईडी. देवनागरीत इथे एक खास अडचण आहे. एलईडीचे मॉड्यूल (छोट्या दिव्यांचे तुकडे) नीट बसायला रेघ निदान ४० मिमी रुंद लागते. नावाची अक्षरं तेवढी जाड करता येतात, पण वेलांटीचं टोक आणि रफाराचा आकडा बारीक राहतो आणि रात्री तिथेच काळोख पडतो. वेलांट्या जाड करून घ्या किंवा त्या भागाला बारीक मॉड्यूल वापरायला सांगा. अनुस्वाराचा टिंब शब्दापासून सुटा असतो, त्याला स्वतःचे निदान दोन स्टड (मागून बसवलेले स्क्रूसारखे दांडे) आणि स्वतःची वायर हवी. नुसत्या टेपवर लावलेला टिंब पहिल्या पावसाळ्यात पडतो.

स्टीलची अक्षरं: ३०४ ग्रेड फोंड्याला चालेल. किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटरच्या आत ३१६ मागा, नाहीतर ३०४ वरही चहासारखे डाग येतात. २०२ ग्रेड अजिबात नको, ते गंजतंच. चुंबक लावून ३०४ ओळखता येतं या समजावर विसंबू नका. २०२ लाही चुंबक फारसं धरत नाही.

तुमच्या कामाला माझं मत: ४ मिमी एसीपी, नाव पेटत्या अ‍ॅक्रिलिक अक्षरांत, खालची ओळ न पेटणारी. त्या ओळीला १० मिमी अ‍ॅक्रिलिक कापून लावा, वरून येणारा उजेड पुरतो.

हरमल_शॅक
फ्लेक्सला सरसकट बाद करू नका. ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा धंदा असेल तर फ्लेक्सच योग्य. जूनच्या आधी उतरवायचा, ऑक्टोबरात नवीन छापायचा, फ्रेम तीच. मेनू, दर, नवीन ऑफर बदलायला सोयीचं. फक्त फ्रेम लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची घ्या आणि छापील कापड स्टार फ्लेक्स मागा.

कुंडईचा_कारागीर
मान्य. हंगामी कामाला फ्लेक्सच. बाराही महिने भिंतीवर राहणाऱ्या पाटीला नाही.

चिरेबंदी
कोटेशनमध्ये 'फिटिंगसह' एवढं लिहून मोकळे होतात, आणि तिथेच सगळ्यात धोका असतो. आधी वारा किती जोर लावतो ते बघा. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, म्हणजे दर चौरस मीटरला ९१२ न्यूटन. तुमचा ३६ चौरस फुटांचा बोर्ड ३.३४ चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे ३१० किलो वजनाइतका जोर. तो कधी दाबतो, कधी भिंतीपासून ओढतो. बोर्डाचं स्वतःचं वजन ३०-४० किलोच असतं, त्यामुळे 'हलका आहे, चार खिळ्यांवर राहील' ही समजूत चुकीची.

चिरा मऊ आणि सच्छिद्र. त्यात नेहमीचा फुगणारा अँकर बोल्ट घातला की आवळताना भोवतीचा चिरा भुगा होतो. त्या दिवशी घट्ट वाटतो, पाण्याने भिजून-वाळून वर्षभरात हलायला लागतो. प्लास्टरची जाडी तर पकडीत धरायचीच नाही.

फोंडेकारबाब, तुमच्याकडे लिंटल आहे. खालच्या रांगेतले सगळे बोल्ट तिच्यात घ्या: १० मिमीचे स्टेनलेस अँकर, काँक्रीटमध्ये निदान ७५ मिमी खोल, ३ फुटांवर एक, म्हणजे पाच. वरची रांग चिऱ्यात येणार. तिथे दोन मार्ग. एक, आरपार बोल्ट घेऊन आतल्या बाजूला ४ बाय ४ इंचाची ६ मिमी प्लेट. दुसरा, जाळीच्या नळीतला केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणाऱ्या रसायनाने धरलेला बोल्ट. भोक पाडल्यावर ब्रशने आणि फुंकणीने आतली लाल माती पूर्ण काढायची. माती राहिली तर केमिकल मातीला चिकटतं, चिऱ्याला नाही. भोक चिऱ्याच्या मधोमध पाडा, सांध्यात नको. प्लास्टरवरून सांधा दिसत नाही, म्हणून आधी ६ मिमी ड्रिलने चाचपून बघायचं.

फ्रेम लोखंडी असेल तर वेल्डिंगनंतर झिंक प्रायमर, मग एपॉक्सी. आधी रंग आणि मग जागेवर वेल्डिंग केलं तर नेमकी वेल्डच उघडी राहते. अ‍ॅल्युमिनियमवर स्टेनलेस स्क्रू येतो तिथे मधे नायलॉनचा वॉशर टाका. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं झडतं.

बोर्डाच्या वरच्या कडेवर आणि भिंतीच्या सांध्यात न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. ज्या सिलिकॉनला शिरक्यासारखा वास येतो ते धातूला खातं. खालच्या कडेला सिलिकॉन भरायचं नाही. तिथे ६-८ मिमीची भोकं दर दीड फुटावर, आत गेलेलं पाणी निघायला. भोकांना आतून बारीक जाळी लावा. नाहीतर पाली आणि किडे आत जातात, आणि एलईडी पेटली की प्रत्येक मेलेल्या किड्याची सावली नावावर दिसते.

वायरमन_मडगाव
लाइटचा हिशेब मी देतो. नाव अक्षरांत पेटवायचं असेल तर मॉड्यूल अक्षरांच्या लांबीवर मोजतात, पण पूर्ण बोर्ड बॅकलिट केलात तर असं: खोली ६ इंच, मॉड्यूलही ६ इंचांवर, म्हणजे चौरस फुटाला ४. ३६ चौरस फुटांना १४४ मॉड्यूल. खोली ४ इंचांवर आणली तर मॉड्यूलही ४ इंचांवर घ्यावे लागतात, नाहीतर चेहऱ्यावर ठिपके दिसतात. मग चौरस फुटाला ९, एकूण ३२४. बोर्ड पातळ करण्याची किंमत अशी दुपटीहून जास्त होते.

१४४ मॉड्यूल, प्रत्येकी १ वॅट. एसएमपीएसवर (१२ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर) ८० टक्क्यांहून जास्त भार टाकू नका, म्हणून १०० वॅटचे दोन, प्रत्येकावर ७२ मॉड्यूल. एका सलग माळेत २० च्या वर नको. इथे १८ च्या आठ माळा, प्रत्येक एसएमपीएसवर चार. लांब माळ केली की टोकाचे मॉड्यूल मंद पडतात आणि नावाचं शेवटचं अक्षर अंधुक दिसतं.

एसएमपीएस बोर्डात नको, दुकानात छताखाली. बोर्डाच्या आत दुपारी भट्टी होते आणि पावसात ओल. मधलं अंतर ५ मीटर असेल तर प्रत्येक एसएमपीएसपासून वेगळी अडीच स्क्वेअर मिमीची वायर ओढा, अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी पडतो. दोन्हींचा भार एकाच वायरीवर दिला तर जवळजवळ एक व्होल्ट जातो, आणि १२ व्होल्टमध्ये एक व्होल्ट उजेडात दिसतो.

मॉड्यूल आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी न शिरणारे. सगळे एकाच लॉटचे घ्या आणि आठ-दहा जास्तीचे त्याच दिवशी घेऊन ठेवा. वर्षाने आणलेल्या मॉड्यूलच्या पांढऱ्यात निळसर किंवा पिवळट फरक येतोच. दुरुस्तीच्या दुकानाला ६५०० केल्विनचा थंड पांढरा उजेड ठीक, खाणावळीला ३००० चा ऊबदार.

बोर्डासाठी वेगळा एमसीबी, ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि धातूच्या फ्रेमला अर्थिंग. हे तीन असल्याशिवाय लाइट चालू करू नका. फ्रेम शटरला टेकते, आणि शटरला ओल्या हाताने रोज कोणीतरी हात लावतो. जूनच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात विजा फार, म्हणून सर्ज प्रोटेक्टरही घाला. टायमर संध्याकाळी ७ ते रात्री ११ लावा. साऱ्याला दिवसाला एक युनिटही लागत नाही.

शापोरा_होमस्टे
छोट्या पाटीसाठी अझुलेजो पद्धतीच्या, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्सचाही विचार करा. पणजीत फोंतेन्हासमध्ये घरांवर त्या दिसतात. होमस्टे, दवाखाना, वकिलाचं ऑफिस, जिथे लोक थांबून वाचतात तिथे हे उत्तम. भट्टीत भाजलेला रंग उन्हापावसाने उडत नाही. घेताना कोपऱ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर चोळून बघा. भाजलेला रंग निघत नाही, वरून मारलेला थंड रंग कापसाला लागतो.

रेडियम_म्हापसा
आता गाड्या. आधी ईको.

फुल रॅपची गरज नाही. गाडी पांढरी आहे, तोच पांढरा तुमचा बॅकग्राउंड. दोन्ही बाजू, मागचं दार आणि बॉनेटवर लहान लोगो, एवढं पुरे. शिवाय पूर्ण रंग बदलला की आरसीतल्या रंगाशी गाडी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तशा बदलाची आरटीओत नोंद लागते.

मागची बाजू सगळ्यात मोलाची. बाजूचा मजकूर माणूस दोन-तीन सेकंद बघतो, मागचा मजकूर ट्रॅफिकच्या रांगेत पाच मिनिटंसुद्धा. तिथे फोन नंबर. मागची गाडी १० मीटरवर, म्हणजे ३३ फुटांवर, म्हणून आकडे साडेतीन इंच. नंबर ५-५ मध्ये तोडून लिहा. काचेच्या खाली पण दाराच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. खालच्या तिसऱ्या भागात पावसाळाभर लाल चिखल बसतो, डिचोली-सत्तरीकडे जात असाल तर पावसाळ्याबाहेरही लाल धूळ. तिथे काहीच महत्त्वाचं नको.

ईकोचं बाजूचं दार सरकतं आहे आणि उघडलं की मागच्या पत्र्यावर येतं. नाव दारापासून पत्र्यापर्यंत ओढलं तर गिऱ्हाइकाच्या दारात दार उघडून उभ्या असलेल्या गाडीवर अर्धं नाव झाकलं जातं. नाव पूर्ण दारावर, काम पूर्ण मागच्या पत्र्यावर, असं वाटून घ्या. हँडल, पेट्रोलचं झाकण, दाराची फट आणि सरकत्या दाराची रूळपट्टी अक्षराच्या मधून जाऊ नये. डिझाइनर इंटरनेटवरचा साचा वापरतात, तो तुमच्या मॉडेलशी जुळेलच असं नाही. गाडीला टेप लावून चारी बाजूंनी सरळ फोटो काढा, त्यावर डिझाइन करून घ्या.

दारावरचं नाव एकरंगी असेल तर छपाई नको, रंगीत व्हिनाइल प्लॉटरवर (सुरीने आकार कापणाऱ्या मशीनवर) कापून लावा. छापलेल्या रंगापेक्षा व्हिनाइलचा मूळ रंग जास्त टिकतो.

फिल्मचे तीन प्रकार, आणि दरातला फरक इथेच आहे:

मोनोमेरिक कॅलेंडर्ड (लाटून केलेलं), ८०-१०० मायक्रॉन. सपाट पत्र्यावर, एक-दोन वर्षांसाठी. उन्हाने आकसतं आणि कडेला गोंदाची काळी रेघ दिसते.

पॉलिमेरिक कॅलेंडर्ड, ७०-८० मायक्रॉन. सपाट आणि हलक्या वळणाला, चार-पाच वर्षं.

कास्ट (ओतून केलेलं), सुमारे ५० मायक्रॉन. पत्र्याच्या खोलगट भागात, रिव्हेटवर, बंपरच्या वळणावर हेच. ताणलं तरी परत आकसत नाही.

बॉनेट आणि टपावर ऊन सरळ पडतं, तिथे यातलं कोणतंही निम्मंच टिकेल असं धरा. ओराकल ६५१ हे कॅलेंडर्ड आणि ९५१ हे कास्ट. रोलच्या मागच्या कागदावर कंपनीचं नाव आणि नंबर छापलेला असतो, लावायच्या दिवशी तो कागद स्वतः बघा. ईकोच्या सपाट दाराला पॉलिमेरिक पुरतं. तिथे कास्टचा दर देऊ नका.

छापील असेल तर वरून लॅमिनेशन हवंच. इको-सॉल्व्हंट शाईची प्रिंट २४ ते ४८ तास उघडी वाळवल्याशिवाय लॅमिनेट करू नये. आत अडकलेला सॉल्व्हंट गोंद मऊ करतो आणि कडा उचलतात. 'सकाळी छापून संध्याकाळी लावतो' म्हणणाऱ्याला कोणती शाई ते विचारा. लॅटेक्स किंवा यूव्ही असेल तर चालतं. कास्टवर कास्टचंच लॅमिनेट, दुसरं आकसून खालच्याला ओढतं.

अक्षरवेल
मधेच एक महत्त्वाची भर. प्लॉटर कटिंगला देवनागरी देताना अक्षरं कर्व्ह करून (टाइपऐवजी आकृती करून) वेल्ड (एकसंध जोडणी) करायला सांगा. न केल्यास प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी आकृती राहते, सुरी प्रत्येक जोडावर आडवी फिरते, आणि लावल्यावर शिरोरेषेत अक्षरागणिक चीर दिसते. धुताना तिथूनच तुकडे उचलले जातात. कर्व्ह केल्यावर मजकूर पुन्हा वाचा. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरापुढे जाते, जोडाक्षर फुटून हलंत दिसतो. प्रूफ पडद्यावर नको, कागदावर घ्या आणि डिझाइनशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या.

फोंडेकार
खूप उपयोगी. लावताना काय बघायचं? आणि मागच्या काचेवर जाळीचं स्टिकर चालतं का?

रेडियम_म्हापसा
काच आधी. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली ती याच नियमाच्या आधारे. जाळीच्या वन-वे व्हिजन फिल्ममध्ये भोकांचं क्षेत्र ४०-५० टक्केच असतं, म्हणजे मागच्या काचेला ती नियमात बसतच नाही. दुकानाच्या काचेला खुशाल लावा. टाटा एसच्या परावर्तक पट्ट्या, मागे लाल, पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, झाकायच्या नाहीत. नंबर प्लेट आणि दिव्यांचंही तेच. ईको खासगी पासिंगची असेल तर त्यावर जाहिरात घालण्याबद्दल तुमच्या आरटीओत आधी विचारा. पाटीसाठीही पंचायत किंवा पालिकेची परवानगी आणि शुल्क आधी, बोर्ड नंतर.

लावण्याचं: आदल्या दिवशी गाडी शाम्पूने धुवा, पॉलिश-वॅक्स नको. लावताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी ७०:३० करून पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडाने ते उडायच्या आत टिपा. दाराच्या आतल्या कडा आणि रबराखालची जागा हमखास राहते आणि तिथूनच फिल्म सुटते. पत्र्यावर नवा रंग मारला असेल तर महिनाभर थांबा. वाळताना रंगातून वायू निघतो आणि खाली फोड येतात.

तापमान १६ ते ३२ अंशांत, सावलीत, धूळ नसलेल्या जागी. गोव्यात मे महिन्याच्या दुपारी पत्रा हात लावू देत नाही, गोंद पहिल्याच स्पर्शाला पकडतो आणि सरकवता येत नाही. सकाळी लावा. दोन तुकड्यांचा जोड ६ ते १२ मिमीचा, वरचा तुकडा खालच्यावर, पुढचा मागच्यावर, म्हणजे पाणी आणि वारा सांध्यावरून जातो. खोलगट भागात कास्ट बसवल्यावर हीटगनने ९५ ते १०५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे ताण जातो. अंदाजाने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटरने. हे न केलेली फिल्म आठवड्यात खळग्यातून उचलली जाते. गाडीच्या रंगावर सुरी चालवू देऊ नका, कटिंगला दोऱ्याची टेप मिळते. खडबडीत काळ्या प्लास्टिकच्या बंपरवर काहीच लावू नका, धरत नाही.

दोन दिवस धुवायचं नाही. नंतर प्रेशरचं पाणी ३० सेंटिमीटर लांबून, कडेवर सरळ मारायचं नाही.

टाटा एसचा हौदा उघडा असेल तर फाळकी जेमतेम फूटभर उंच असतात, त्यात माल चढवताना घासतात. फाळक्यावर नावाची एकच ओळ, ५-६ इंच गाभ्याची, आणि पॉलिमेरिकवर जाड लॅमिनेट. बाकी सगळं केबिनच्या दारांवर. पत्र्याच्या उभ्या नाळ्यांत फिल्म ढोलासारखी ताणून लावतात, ती उन्हात फुटते. तळापर्यंत बसवा, नाहीतर त्या जागेवर ऑइल पेंटने हाताने लिहून घ्या. घासल्यावर रंग दुरुस्त करता येतो, स्टिकर येत नाही.

म्हापशेकर
क्यूआर कोड?

रेडियम_म्हापसा
चालत्या गाडीवर उपयोग नाही. उभ्या गाडीच्या बाजूला चालेल. जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहावा भाग एवढा घ्या, ३ मीटरला ३० सेंटिमीटर. मॅट लॅमिनेट, भोवती पांढरी चौकट.

कुंडईचा_कारागीर
कोटेशन तुलनेला तिघांकडून हे लिहून घ्या: एसीपीची जाडी आणि पत्र्याची जाडी, अक्षराचा गाभा किती इंच, दर अक्षराच्या उंचीच्या इंचावर की चौरस फुटावर, आणि मात्रा मोजल्या की नाहीत, मॉड्यूलची संख्या, वॅट आणि कंपनी, एसएमपीएस किती वॅटचे, बोल्टचा धातू, माप आणि संख्या, फिल्मचा नंबर, शाई आणि लॅमिनेट. एवढं समोर आलं की तिप्पट फरक कुठे आहे ते कळेल. आणि मूळ फाइल कर्व्ह करून तुमच्या ताब्यात घ्या. दुसऱ्या वर्षी अक्षर बदलायचं झालं तर लागते.

फोंडेकार
शेवटचं. ईकोवर आधीच्या मालकाचं जुनं रेडियम आहे, उन्हाने तडकलेलं. आणि हे काम आता जुलैत करावं की थांबावं?

रेडियम_म्हापसा
तडकलेलं फिल्म थंड ओढलं तर नखाएवढे तुकडे निघतात आणि गोंद राहतो. हीटगनने ६०-८० अंशांवर आणा, कडा उचला, पत्र्याशी कमी कोनात सावकाश ओढा. राहिलेल्या गोंदाला साइट्रस रिमूव्हर, प्लास्टिकची पट्टी, मग अल्कोहोलने पुसणं. थिनर नको, रंग मऊ होतो. खाली जुन्या नावाची सावली दिसेल, कारण झाकलेला पत्रा उन्हाने फिकटला नाही. ती पॉलिशने थोडी जाते, राहिलेल्यावर नवीन नाव आणा. पॉलिश केलंत तर वरून अल्कोहोलने दोनदा पुसा. शेड मिळत असेल तर गाडी जुलैतही होते. दाराच्या फटी ब्लोअरने कोरड्या करून घ्यायच्या, तिथे पाणी दडून बसतं.

चिरेबंदी
पाटीला थांबा. भिजलेल्या चिऱ्यात केमिकल अँकर नीट धरत नाही आणि ओल्या प्लास्टरवर सिलिकॉन चिकटत नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर आठ-दहा दिवस सलग ऊन पडलं की करा. पण चतुर्थीच्या आधी दुकानावर नाव हवंच असेल तर आत्ता लिंटलमध्ये पाच बोल्ट घेऊन त्यावर छोटी फ्लेक्स फ्रेम टांगा, १२ बाय दीड फूट. बोल्टची जागा मोठ्या बोर्डाच्या खालच्या रांगेशी जुळवून घ्या, म्हणजे ऑक्टोबरात तेच पाच कामी येतील.

फोंडेकार
जुळवतो. कारागिराला बोर्डाच्या मागच्या पाइपांचं माप आजच मागितलंय. भोकांची खूण त्याच्याकडूनच कागदावर करून घेतो आणि मग ड्रिलवाल्याला बोलावतो.